वृत्त पाहावे की वाचावे?

ग्वाल्हेरीस लष्करच्या खासगी बाजारातील काही तरुण स्नेह्यांनी आम्हांस असे सुचविले आहे, की देवळातील उत्सवांचे वृत्तांत लिहिण्याचा खटाटोप आता पुरे करावा. हल्ली वर्तमानपत्र कोणी वाचीत नाही, पाहतात. मग आपल्या मासिकानेच हट्ट का धरावा? प्रत्येक उत्सवाची वीस-पंचवीस छायाचित्रे छापली की काम झाले. आणि शेवटी त्यांनी ठेवणीतले अस्त्र सोडले आहे : एक चित्र हजार शब्दांच्या तोडीचे असते, असे प्राचीन चिनी लोक सांगून गेले आहेत!

प्रथम त्या प्राचीन चिनी ऋषींचा परिचय करून घेऊ. ते अमेरिकेत राहत व जाहिरातींचा धंदा करीत. फ्रेड बर्नार्ड नावाच्या गृहस्थांनी १९२१ साली 'प्रिंटर्स इंक' या धंदेवाईक नियतकालिकात हे वचन छापले, ते ट्रामगाड्यांतील सचित्र जाहिरातींना गिऱ्हाईक मिळावे म्हणून. तेव्हा ते कोणा जपानी तत्त्ववेत्त्याच्या नावावर होते. १९२७ साली ते चिनी म्हण झाले आणि हजार शब्दांचे दहा हजार झाले. विक्रेत्याच्या दृष्टीने वचन खरेच आहे. माल खपवावयाचा तर गिऱ्हाइकाने फार विचार न केलेलाच बरा. परंतु वृत्त म्हणजे बेकिंग पावडरीचा डबा नव्हे.

आमच्याकडे येणारी उत्सवचित्रे आम्ही मन लावून पाहतो. समईचा प्रकाश, फुलांची आरास, नव्या शेल्यातील पाहुणे, पंगतीत वाढणारे हात; डोळे निवतात यात शंका नाही. पण कीर्तनाला आख्यान कोणते लागले होते? बुवांनी पूर्वरंगात कोणता अभंग घेतला? सभामंडपाच्या दुरुस्तीचा जो वाद तीन वर्षे रेंगाळला होता तो मिटला की चिघळला? वर्गणी किती जमली, खर्च किती, शिल्लक कोणाच्या हवाली? यांतले चित्रात काय दिसते? 'खासगी' हा शब्द संस्थानी दप्तरातला. दौलतीचा हिशेब निराळा, खासगीचा निराळा, आणि दोन्ही लेखी. ज्या बाजाराच्या नावातच कारकुनाची लेखणी आहे, तेथून लेखणी म्यान करण्याची सूचना यावी याचे आम्हांस नवल वाटते.

ग्वाल्हेरकरांना दूरचे दाखले द्यावयाचे कारण नाही. १८५७-५८ चा रणसंग्राम त्यांच्या दारापर्यंत आला होता, आणि त्या संग्रामाची चित्रेही आहेत व शब्दही आहेत. दोन्ही शेजारी ठेवून पाहावी.

फेलिचे बियातो या युरोपीय छायाचित्रकाराने टिपलेले लखनौच्या सिकंदर बागेचे चित्र जगप्रसिद्ध आहे. भग्न वास्तू, समोर काही माणसे, आणि अंगणभर विखुरलेले मानवी सांगाडे. सुमारे दोन हजार हिंदी शिपाई तेथे मारले गेले, ते नोव्हेंबर १८५७ मध्ये. बियातो लखनौस पोहोचला तो पुढच्या वसंतात. म्हणजे चित्र लढाईचे नव्हेच. प्रेते झाकून टाकलेली होती. छायाचित्रकाराने आग्रह धरून ती उघडी करविली, असे सर जॉर्ज कॅम्बेल या इंग्रज अधिकाऱ्याने आपल्या आठवणींत नमूद केले आहे. चित्र लबाडी करीत होते हे आपल्याला कळले, तेदेखील कोणी लिहून ठेवले म्हणून!

आता शब्द पाहा. पेणजवळच्या वरसई गावचे विष्णुभट गोडसे हे दरिद्री भिक्षुक. ग्वाल्हेरकर बायजाबाईसाहेब शिंदे मथुरेस सर्वतोमुख यज्ञ करणार व दक्षिणा मोठी मिळणार, ही वार्ता कानी पडली म्हणून ते चुलत्यांसह उत्तरेस निघाले आणि धामधुमीत सापडले. झाशीच्या वेढ्यात ते शहरातच होते. शहर पडल्यावरची कत्तल, लुटीत आधी काय गेले व मागाहून काय, राजवाड्यातील ग्रंथसंग्रहाची धूळधाण, हे सारे त्यांनी पाहिले, आणि पुढे अनेक वर्षांनी चिंतामण विनायक वैद्यांच्या सांगण्यावरून 'माझा प्रवास' म्हणून लिहिले. काल्पीच्या बाजूला पराभवानंतर एका विहिरीपाशी धुळीने माखलेल्या राणीसाहेब त्यांना भेटल्या. भटजी पाणी काढून देऊ लागले, तर तुम्ही विद्वान ब्राह्मण, मजसाठी पोहरा ओढू नका, अशा अर्थाचे बोलून त्यांनी ते स्वतः काढले. राज्य गेलेले, मागावर शत्रू, घशाला कोरड, आणि तरीही मर्यादेचे भान. याचे चित्र काढले तर विहिरीवर वाकलेली एक बाई दिसेल.

यावर आक्षेप ठरलेला आहे : शब्दालाही साज चढविता येतो. येतो, गोडसे भटजींच्या शब्दांनाही चढला. वैद्यांनी १९०७ साली ग्रंथ छापला तो बराच संस्कारून. पण मूळ मोडी पोथी जपली गेली होती, म्हणून १९६६ साली दत्तो वामन पोतदारांना ती मुळाबरहुकूम छापता आली, आणि कोणीही दोन्ही पाने समोर ठेवून फेरफार पाहू शकतो. उघड्या केलेल्या हाडांना अशी मूळ प्रत कुठली?

राणीसाहेबांचे 'खरे' छायाचित्र म्हणून एक चित्र वर्तमानपत्रांतून मिरवून गेले आणि मोबाइलवर अद्याप फिरते आहे. ते १८५० साली हॉफमन याने काढले म्हणतात. कलकत्त्याची जॉन्स्टन अँड हॉफमन ही पेढी निघाली १८८० नंतर! फुलबागेत ज्यांची समाधी आहे, त्यांचे विश्वसनीय असे एकही छायाचित्र नाही. त्यावाचून त्यांचे काय अडले? गंगादासांच्या मोठ्या शाळेतील साधूंनी त्यांच्या देहाचे रक्षण करताना प्राण दिले. मठाची परंपरा संख्या ७४५ सांगते, आणि ती तोंडी शब्दानेच आजवर आली आहे.

राणीसाहेबांची पुण्यतिथी म्हणून पाळला जाणारा १८ जून आमच्या गोमंतकीय वाचकांस दुसऱ्याही कारणाने स्मरतो. १९४६ साली त्याच दिवशी डॉ. राममनोहर लोहिया मडगावात बोलावयास उभे राहिले. ज्या राजवटीत लग्नपत्रिकासुद्धा तपासनिसाच्या नजरेखालून गेल्यावाचून छापता येत नसे, तिला धास्ती कशाची होती हे सांगावयास नको.

चित्रांचे सामर्थ्य आम्ही नाकारीत नाही. डिसेंबर १९८४ मध्ये भोपाळच्या वायुकांडानंतर मातीत पुरल्या जाणाऱ्या एका बालकाचा चेहरा रघू राय व पाब्लो बार्थोलोम्यू या दोघांनी टिपला. तो ज्याने पाहिला तो विसरला नाही. जगाची झोप त्या चित्राने उडविली. तेवढे काम दहा अग्रलेखांनी झाले नसते, हे मान्य. परंतु त्याच भोपाळात राजकुमार केसवानी नावाचा तरुण पत्रकार १९८२ सालापासून आपल्या लहानशा हिंदी साप्ताहिकात लिहीत होता, की हा कारखाना शहराचा घात करील. जून १९८४ मध्ये त्याने तेच 'जनसत्ते'त पुन्हा लिहिले. त्या इशाऱ्याचे चित्र काढता येणे शक्यच नव्हते, कारण तोवर काही घडले नव्हते. कारखान्याचे छायाचित्र काढले असते तर नळ्या, टाक्या आणि फाटकावरची पाटी दिसली असती. धोका होता तो टाकीतील द्रव्यात आणि हयगयीत, आणि तो शब्दांनीच सांगण्याजोगा होता.

कोणी म्हणेल, त्या लेखांनी तरी काय साधले? अधिकाऱ्यांनी लक्ष दिले नाही, नगरवासीही स्वस्थ राहिले. खरे आहे. पण तो दोष लिहिणाऱ्याचा नव्हे. ज्यांनी वाचावयाचे ते वाचीत नव्हते. छायाचित्रकार आपले काम चोख करून गेले, ते २ डिसेंबरची रात्र उलटल्यानंतर.