‘क्वेरी’ आली की घड्याळ थांबतं

डिस्चार्जच्या दिवशीचं दृश्य बहुतेक रुग्णालयांत सारखंच असतं. सकाळच्या राउंडला डॉक्टर ‘आज घरी जायचं’ म्हणतात. दहापर्यंत हातातली सुई निघते, पिशव्या भरून होतात, घरी मऊ भात टाकायला फोन जातो. मग बसून राहायचं. बाराला काउंटरवर विचारलं तर ‘फाइल टीपीएकडे गेलीय’, तीनला विचारलं तर ‘क्वेरी आलीय’. सहाला काउंटरवरचा माणूसच बदललेला असतो आणि सगळी कहाणी पहिल्यापासून सांगावी लागते.

कागदावर हे घडायलाच नको. विमा क्षेत्राच्या नियामकानं, म्हणजे ‘इर्डा’नं, २९ मे २०२४ रोजी आरोग्य विम्याचं एक मोठं परिपत्रक काढलं आणि आधीची ५५ परिपत्रकं मोडीत काढली. कॅशलेसची विनंती आल्यावर कंपनीनं तासाभरात निर्णय द्यायचा. डिस्चार्जच्या वेळची अंतिम मंजुरी तीन तासांत द्यायची. तीन तासांवर उशीर झाला आणि त्यापायी रुग्णालयानं जादा आकार लावला, तर तो कंपनीनं भागधारकांच्या निधीतून भरायचा. हा शेवटचा तपशील बारकाईनं घातलेला आहे. कंपनीच्या ढिलाईचा भुर्दंड बाकीच्या पॉलिसीधारकांच्या हप्त्यांवर पडू नये, असा त्याचा अर्थ.

नियम चांगला आहे. पण मुदत आणि दंड घालणाऱ्या कुठल्याही कराराला दोन प्रश्न विचारायचे असतात: घड्याळ कोणाच्या हातात, आणि दंड कोणाच्या खिशात?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर ‘क्वेरी’ या एका शब्दात आहे. क्वेरी म्हणजे कंपनीनं किंवा तिच्या वतीनं दावे तपासणाऱ्या टीपीएनं विचारलेली शंका. अमुक रिपोर्ट जोडा, आजार कधीपासून आहे ते डॉक्टरांकडून लिहून आणा, बिलाची फोड द्या. शंका आली की व्यवहारात घड्याळ थांबतं. उत्तर गेलं की पुन्हा सुरू होतं. खिशातून खर्च करून नंतर मागायच्या दाव्यांबाबत तर २०१७च्या विनियमांत मुदत ‘शेवटचं आवश्यक कागदपत्र’ मिळाल्यापासून मोजायची, असंच लिहिलं होतं. शेवटचं कागदपत्र कुठलं, हे ठरवणार कंपनीच. परीक्षा संपली की नाही हे परीक्षार्थ्यानंच ठरवायचं, त्यातला प्रकार.

हे दुखणं आपलंच नाही. अमेरिकेत गरिबांसाठीची ‘मेडिकेड’ योजना बहुतांश राज्यं खासगी कंपन्यांशी करार करून चालवतात. तिथल्या केंद्रीय नियमानुसार डॉक्टरांचे ९० टक्के ‘क्लीन’ दावे ३० दिवसांत आणि ९९ टक्के ९० दिवसांत चुकते व्हावे लागतात. क्लीन दावा म्हणजे ज्याच्यासाठी बाहेरून आणखी माहिती मागवावी लागत नाही असा. म्हणजे माहिती मागवली की दावा क्लीन उरला नाही, आणि क्लीन नसेल तर टक्केवारीत धरायचाच नाही. भाषा वेगळी, पळवाट तीच.

कंपन्यांची बाजू अगदीच पोकळ नाही. ऑगस्ट २०२३मध्ये संसदेत मांडलेल्या ‘कॅग’च्या अहवालात आयुष्मान भारत योजनेचे सुमारे साडेसात लाख लाभार्थी एकाच मोबाइल क्रमांकाला जोडलेले आढळले होते, आधीच मृत दाखवलेल्या रुग्णांवर उपचार झाल्याच्या नोंदीही होत्या. अशा देशात कोणी शंका विचारूच नये, असं म्हणणं भाबडेपणाचं ठरेल. पण शंका असतील त्या एकदाच, सगळ्या मिळून विचारा. दुपारी एक, चारला दुसरी, सहाला तिसरी, ही तपासणी नव्हे. रुग्ण तीन दिवस खाटेवर असताना सुचलं नाही ते डिस्चार्जच्या दुपारी कसं आठवतं?

आता दंडाचं. तीन तासांच्या नियमात भरपाई होते ती रुग्णालयानं लावलेल्या जादा पैशांची. रुग्णालयानं काही लावलं नाही, तर आठ तास ताटकळलेल्या कुटुंबाच्या हाती काही पडत नाही. रुग्णासोबत थांबलेल्या मुलीची बुडालेली रजा, गावाकडची चुकलेली शेवटची एसटी या हिशेबात कुठेच नाही.

आयुष्मान भारतच्या चौकटीत दंड जास्त ठसठशीत आहे. राज्यातल्या रुग्णालयाचा दावा १५ दिवसांत, परराज्यातल्याचा ३० दिवसांत चुकता करायचा. विमा कंपनीनं उशीर केला तर दर आठवड्याला दाव्याच्या एक टक्का रक्कम रुग्णालयाला द्यायची. हरियाणात मात्र मध्ये विमा कंपनी नाही, पैसे सरकारी यंत्रणाच देते. तिथल्या खासगी डॉक्टरांनी सुमारे ५०० कोटी रुपये थकल्याचा दावा करत ऑगस्ट २०२५मध्ये या योजनेखालचे उपचार थांबवले. पैसे देणारं सरकार, नियम करणारं सरकार; मग उशिराचा दंड कोणी कोणाला लावायचा? भोगलं ते कार्ड घेऊन दारात उभ्या असलेल्या रुग्णानं, जो या करारात पक्षकारही नव्हता.

याच देशात दंडाची एक पद्धत चोख चालू शकते. एटीएममधून पैसे आले नाहीत पण खात्यातून वजा झाले, तर बँकेनं पाच दिवसांत ते परत करायचे. नाही केले तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये ग्राहकाच्या खात्यात आपणहून जमा करायचे. तक्रारीची वाट पाहायची नाही. रिझर्व्ह बँकेचं हे परिपत्रक २० सप्टेंबर २०१९चं आहे. रक्कम किरकोळ असेल, पण घड्याळ यंत्राच्या नोंदीवर चालतं आणि दंड ज्याला त्रास झाला त्याच्याच खात्यात जातो. कॅशलेसची विनंतीही आता संगणकावरूनच जाते, तिच्यावर वेळेचा शिक्का असतोच. तीन तास उलटले की ठरावीक रक्कम पॉलिसीधारकाच्या खात्यात आपोआप पडावी आणि क्वेरी एकदाच विचारता यावी, एवढी दुरुस्ती ‘इर्डा’नं करायला हवी.

तोवर वाचकांनी एक करावं. अंतिम बिल टीपीएकडे किती वाजता गेलं आणि क्वेरी किती वाजता आली, हे काउंटरवरून लिहून किंवा ई-मेलवर घ्यावं. कंपनीकडे तक्रार करून महिनाभरात दाद मिळाली नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येतं. मुंबईत आणि पुण्यात त्यांची कार्यालयं आहेत, फी नाही, वकील लागत नाही. लोकपालाचा निवाडा कंपनीनं ३० दिवसांत पाळला नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसाचे ५,००० रुपये तक्रारदाराला मिळतात.