यंत्रमानव आणि शिकविणारे हात

‘रोबो’ हा शब्द आता आपल्या घरांतील लहान मुलांच्याही तोंडी रुळला आहे. परंतु त्याचा मूळ अर्थ आपल्या भागातील वडीलधाऱ्यांना जितक्या चटकन उमगेल, तितका तो पुण्या-मुंबईच्या तरुणांस उमगणार नाही. कारेल चापेक या चेक लेखकाने १९२० साली एक नाटक लिहिले. माणसाऐवजी राबण्यासाठी तयार केलेली कृत्रिम माणसे हा त्याचा विषय. त्यांना काय म्हणावे, हा प्रश्न पडला तेव्हा त्याच्या चित्रकार भावाने, योसेफने, ‘रोबोट’ हे नाव सुचविले. चेक भाषेत ‘रोबोता’ म्हणजे जमीनदारासाठी करावयाची सक्तीची मेहनत. आपण हिलाच वेठ म्हणतो. निजामी अमलात वेठीला धरले गेलेल्यांची नातवंडे-पतवंडे आज हुमनाबाद, भालकी, बसवकल्याणच्या घराघरांतून आहेत. त्यांतलाच एखादा मुलगा आयटीआयचा दाखला पिशवीत घालून सोलापूरमार्गे पुण्याची गाडी धरतो, आणि चाकणच्या कारखान्यात त्याची गाठ पडते ती या लोखंडी वेठबिगाऱ्याशी.

मुलगा सुट्टीला घरी आला की हे वर्तमान घरी कळते. पत्रा जोडायला आता माणूस लागत नाही, रंग द्यायला लागत नाही, असे तो सांगतो; आणि मग आई-वडिलांच्या मनात एकच प्रश्न घर करून बसतो, की हे यंत्र आमच्या पोराची भाकरी तर खाणार नाही ना? प्रश्न अगदी रास्त आहे. तथापि त्याच्या आधी दुसरा एक प्रश्न विचारावा असे आम्हांस वाटते. यंत्रमानव जे काम करतो, ते त्याला शिकविले कोणी? आणि ज्याने शिकविले, त्याचे पुढे काय झाले?

पहिला औद्योगिक यंत्रमानव १९६१ साली अमेरिकेत न्यू जर्सी राज्यातील जनरल मोटर्सच्या कारखान्यात कामाला लागला. त्याचे नाव युनिमेट. जॉर्ज डेव्होल याची कल्पना आणि जोसेफ एंगेलबर्गर याचे उद्योजकत्व यांतून तो जन्मला. वजन सुमारे १,८०० किलो, अंगाला केवळ एक हात, आणि काम काय, तर साच्यात ओतलेल्या धातूचे तप्त नग उचलून बाजूला ठेवणे. कामगारांना नकोसे झालेले हे काम. वाफा, चटके, बोटे गमावण्याची भीती. नाटकातील शब्द अशा रीतीने खरा ठरला. माणसाच्या वाट्याची वेठ यंत्राने घेतली, आणि त्याबद्दल कोणी अश्रू ढाळले असतील असे आम्हांस वाटत नाही.

परंतु थोड्याच वर्षांनी नॉर्वेत जे घडले, ते अधिक विचार करण्याजोगे आहे. तेथे ब्रुने नावाच्या लहानशा गावी ट्राल्फा ही कंपनी बांधकामावरच्या एकचाकी हातगाड्या तयार करीत असे. गाड्यांना फवाऱ्याने रंग द्यावयाचा. त्या वासात आणि धुक्यात दिवसभर उभे राहावयाला माणसे मिळेनात. तेव्हा कंपनीतील ओले मोलाऊग या अभियंत्याने १९६० च्या दशकात रंग देणारा एक यंत्रहात बनविला. त्याला शिकविण्याची तऱ्हा मोठी सोपी होती. कसबी रंगाऱ्याने यंत्राचा हात आपल्या हाताने धरावयाचा आणि नेहमीप्रमाणे एक गाडी रंगवून दाखवावयाची. कोपऱ्यात मनगट कसे वळले, कडेशी वेग किती कमी झाला, फवारा कोठे थांबला, हे सारे चुंबकीय फितीवर टिपले जाई. मग तीच फीत लावून यंत्र हजारो गाड्या रंगवी. रंगाऱ्याची पंचवीस वर्षांची सवय एका सकाळीत यंत्रात उतरली.

गवयाचे गाणे ध्वनिमुद्रिकेवर घेतले तर मुद्रिकेवर त्याचे नाव छापतात आणि विक्रीतला काही हिस्सा त्याला मिळतो. हाताचे कसब फितीवर घेतले तर तशी चाल कोठेच नाही. ते कारखान्याचे होऊन जाते. ज्या कारखान्यात माणसेच मिळत नव्हती तेथे ही गोष्ट कोणाला खुपली नसेल. पण जेथे दाराशी माणसांची रांग उभी आहे, तेथे ती खुपावी हे स्वाभाविक आहे.

आज फिती गेल्या. आता हातात धरावयाची एक कळपाटी असते. कारखान्यात तिला ‘टीच पेंडंट’ म्हणतात, म्हणजे शिकविण्याचे साधन. तीवरील कळा दाबीत यंत्राचा हात एका बिंदूवर न्यावयाचा, तो बिंदू नोंदवावयाचा, मग पुढचा, त्याच्या पुढचा. हे बिंदू नोंदविणे कोणासही आठ-पंधरा दिवसांत येईल. पण वेल्डिंगची तोटी पत्र्याशी किती कलती धरावी, दोन पत्र्यांत फट जरा जास्त आली तर तार किती वेगाने सोडावी, जोड वरून गुळगुळीत दिसतो पण आत पोकळ राहिला आहे हे कशावरून ओळखावे, हे ती पाटी सांगत नाही. ज्याने स्वतः चष्मा लावून, ठिणग्या झेलून शेकडो जोड मारले आहेत, त्यालाच ते ठाऊक असते. म्हणून यंत्रमानव आल्यावर चांगल्या वेल्डरची किंमत एका अर्थी वाढते. मात्र दहा चांगल्या वेल्डरांची जागा एकच चांगला वेल्डर घेतो, हेही तितकेच खरे; आणि ही दुसरी बाजू यंत्र विकणारे लोक फारसे बोलून दाखवीत नाहीत.

यंत्रमानव कोठे अडतो, हे पाहावयाला आपल्याला परदेशी जाण्याचे कारण नाही. बीदरला जाऊन बिदरी काम पाहावे. जस्तात थोडे तांबे मिसळून ओतीव भांडे करतात, कानशीने घासतात, मोरचुदाच्या पाण्याने तात्पुरते काळे करतात, त्यावर टोच्याने नक्षी आखून ती छिन्नीने कोरतात आणि त्या खाचांत चांदीची तार ठोकून बसवितात. शेवटी भांडे तापवून त्यावर नवसागर आणि बीदरच्या किल्ल्यातील जुनी माती यांचा लेप चोळला, की भांड्याचा धातू काळाभोर होतो आणि चांदी पांढरीच राहते. ही माती योग्य आहे की नाही, हे जुने कारागीर जिभेला लावून सांगतात. २००६ साली या कलेला भौगोलिक मानांकन मिळाले. यातली नक्षी कोरण्याचे काम संगणकावर चालणारी यंत्रे आजही करू शकतील. त्यात नवल नाही. परंतु यंत्रमानवाला प्रत्येक नग त्याच जागी, त्याच मापाचा, त्याच बाजूने हवा असतो. वाळूच्या साच्यातून हाताने ओतलेली दोन भांडी कधी तंतोतंत सारखी निघत नाहीत, आणि चांदीची तार किती जोराने ठोकावी हे त्या-त्या खाचेच्या खोलीवर ठरते. मोटारीचा दरवाजा लाखो वेळा सारखाच असतो, म्हणून तेथे यंत्रमानव राजा. सुरई दर वेळी थोडी निराळी, म्हणून येथे तो अजून उमेदवारच. कॅमेऱ्याने पाहून हाताचा दाब बदलणारे यंत्र करण्याचे प्रयत्न जगातील प्रयोगशाळांत चालू आहेत, आणि ते वर्षागणिक पुढे सरकत आहेत.

आता पुण्याकडे वळू, कारण आपल्या मुलांची वाट तिकडे जाते. टाटांच्या ‘टाल’ या पुण्याच्या कंपनीने २०१६ साली मुंबईच्या ‘मेक इन इंडिया’ सप्ताहात ब्राबो नावाचा भारतीय बनावटीचा यंत्रमानव दाखविला आणि पुढच्या वर्षी तो विक्रीस काढला. किंमत पाच-सात लाखांच्या घरात. म्हणजे बड्या कारखान्यांपुरते असलेले हे यंत्र पिंपरी-भोसरीच्या लहान शेडवाल्यालाही परवडावे, असा तो हिशेब होता. त्याआधीच, २०१० पासून, बजाज ऑटोने चाकणच्या कारखान्यात डेन्मार्कच्या युनिव्हर्सल रोबोट्स या कंपनीचे हलके यंत्रहात आणावयास सुरुवात केली, आणि त्यांची संख्या पुढे शंभरावर गेली. यांना ‘कोबॉट’, म्हणजे सहकारी यंत्रमानव, म्हणतात. असा एक पाच किलो उचलणारा हात स्वतः अठरा किलोंच्या आसपास भरतो. युनिमेटशी तुलना केली तर शंभरावा हिस्सा. माणसाचा धक्का लागताच तो थांबतो, म्हणून त्याला माणसाच्या शेजारी उभे करता येते. वजन उचलण्याचे आणि जोर लावून नटबोल्ट आवळण्याचे काम यंत्राने घेतल्यावर त्या रांगेवर मुलीही सहज काम करू शकतात. ‘कारखाना हे मुलीचे ठिकाण नव्हे’ असे म्हणणाऱ्या आपल्या मंडळींनी याची दखल घ्यावयास हवी.

संख्या पाहिली तर वेग कळतो. आंतरराष्ट्रीय रोबोटिक्स महासंघाच्या नोंदीप्रमाणे २०२३ साली जगात ५,४१,००० हून अधिक नवे यंत्रमानव बसले. निम्म्याहून अधिक एकट्या चीनमध्ये. भारतात बसले ८,५१०. हा आकडा लहान दिसतो खरा, पण आदल्या वर्षाहून तो ५९ टक्क्यांनी मोठा होता, आणि त्यांतले चार दशांश यंत्रमानव मोटारउद्योगात गेले. चाकण, तळेगाव, रांजणगाव येथे आपल्या मुलांना पोटाला लावणारा उद्योग तो हाच.

आमची खरी काळजी यंत्राची नाही. वार्षिक औद्योगिक पाहणीप्रमाणे २०२२-२३ साली देशातील नोंदणीकृत कारखान्यांत दर दहा कामगारांत सुमारे चार कंत्राटी होते. कंत्राटावर सहा-आठ महिने ठेवलेल्या मुलाच्या हाती कळपाटी कोण देणार? तो यंत्रमानवाच्या पुढ्यात नग ठेवतो आणि झालेला नग उचलतो. यंत्र शिकविणाऱ्या माणसाच्या शेजारी तो दिवसभर उभा असतो, पण शिकत काही नाही. अशा वेळी वेठ कोण करतो आहे, यंत्र की मुलगा, असा प्रश्न आम्हांस पडतो. दोन-तीन वर्षांनी कंत्राट संपते आणि तो जेवढे घेऊन गेला होता तेवढेच घेऊन परत येतो. म्हणून पगार किती, याच्या जोडीने आई-वडिलांनी आणखी एक गोष्ट विचारावी: तुला यंत्र चालवायला देतात, की केवळ यंत्राला खायला घालायला ठेवले आहे?

आणखीही एक विचारावे. २०१५ च्या ऑगस्टमध्ये हरियाणातील मानेसर येथे चोवीस वर्षांचा एक तरुण, निसटलेला पत्रा नीट करावयास वेल्डिंगच्या यंत्रमानवाजवळ गेला आणि त्या हाताच्या तडाख्यात जागच्या जागी मरण पावला. यंत्रमानव थांबलेला दिसतो तेव्हा तो बंदच असतो असे नव्हे. पुष्कळदा तो पुढच्या इशाऱ्याची वाट पाहत उभा असतो. इशारा मिळताच हात फिरतो, आणि वाटेत लोखंड आहे की माणूस हे मोठ्या, जुन्या धाटणीच्या यंत्राला कळत नाही. म्हणून त्याच्याभोवती जाळीचे कुंपण असते आणि कुंपणाचे दार उघडताच यंत्राचा वीजप्रवाह तुटावा अशी सोय असते. उत्पादनाच्या घाईत कोणी ती सोय तार जोडून निकामी करीत असेल, तर आपल्या मुलाने त्या दारातून आत पाऊल टाकू नये. नोकरी दुसरी मिळते.

स्वयंचलन म्हटले की डोळ्यांपुढे हात हलविणारे यंत्रच उभे राहते. पण आपल्या हुमनाबादच्या औद्योगिक वसाहतीतील औषधी-रसायनांसारख्या धंद्यात ते निराळ्या रूपाने येते. तेथे तापमान, दाब आणि प्रवाह मोजणारी उपकरणे, त्यांवरून आपोआप उघडणाऱ्या-मिटणाऱ्या झडपा आणि या सर्वांना हुकूम देणारी एक पेटी असते. साखर कारखान्यांचे उदाहरण आपल्या शेतकरी वाचकांना जवळचे वाटेल. पॅनमध्ये रस आटत असता पॅनमन काचेच्या पट्टीवर थेंब घेऊन उजेडात धरतो आणि दाणा केवढा झाला हे नजरेने ठरवितो. आता पुष्कळ कारखान्यांत हे काम विद्युत्‌वाहकता किंवा घनता मोजणाऱ्या उपकरणांकडे गेले आहे. तरी उपकरण बिघडले किंवा ऊसच बिघडलेला आला, की जुन्या पॅनमनला हाक मारावी लागते. अशा उपकरणांची दुरुस्ती जाणणाऱ्या मुलास पुणे गाठावेच लागेल असे नाही.

शिकण्याची सोय पूर्वीइतकी दूर राहिलेली नाही. कर्नाटक सरकारने पुण्याच्याच टाटा टेक्नॉलॉजीज या कंपनीच्या सहकार्याने १५० सरकारी आयटीआय नव्याने सज्ज केल्या. खर्च ४,६०० कोटी रुपयांहून अधिक, आणि त्यांचे लोकार्पण २०२२ च्या जूनमध्ये झाले. औद्योगिक यंत्रमानव, संगणकचालित यंत्रे, उत्पादन-नियंत्रण असे नवे अभ्यासक्रम त्यांत आहेत. सीमेपलीकडच्या विद्यापीठाच्या आशेने घरात बसलेल्या, आणि कन्नड पुरते येत नाही म्हणून येथल्या संस्थेकडे पाठ फिरविणाऱ्या आपल्या मुलांनी ही संधी दवडू नये. कळपाटीवरच्या सूचना तशाही इंग्रजीत असतात. मात्र प्रवेश घेण्यापूर्वी वडिलांनी स्वतः जवळच्या संस्थेत एक फेरी मारावी. यंत्रमानव वर्गात प्रत्यक्ष उभा आहे काय, तो चालू आहे काय, आणि आठवड्यातून किती तास तो विद्यार्थ्यांच्या हाती येतो, हे तेथल्या शिक्षकांस आणि दुसऱ्या वर्षाच्या मुलांस, दोघांनाही वेगवेगळे विचारावे. यंत्रावर धूळ असेल तर साधा वेल्डर किंवा फिटरचा वर्ग निवडून हात पक्का करून घेणे आमच्या मते अधिक शहाणपणाचे. कळपाटी मागाहून येते. दहावीचा निकाल लागला की प्रवेशाचे अर्ज सुटतात, आणि नव्या अभ्यासक्रमांच्या जागा थोड्या असतात.