इशारा मिळाला होता, वर्गवारी चुकली

मागाच्या कारखान्यात दिवसभर धागे तुटतात. कारागीर ते जोडतो, त्यासाठी मालकाला कोणी उठवत नाही. मोटार गरम लागली तर मेकॅनिकला निरोप जातो. धूर दिसला तर मात्र आधी मेन स्विच बंद, मग बाकीचे बोलणे. ही समज आपल्या धंद्यात नव्या पोरालाही असते. दुकानात कॉम्प्युटर आला की ती कुठे जाते, हे आम्हांला कोडे आहे.

संगणक-सेवा सांभाळण्याची आयटीआयएल नावाची पद्धत ब्रिटनमध्ये तयार झाली. तीही घटनांचे तीनच वर्ग करते: माहिती, इशारा आणि बिघाड. रात्रीचा बॅकअप पूर्ण झाला, ही माहिती, नोंद पुरे. डिस्क भरत आली, हा इशारा. अजून वेळ हातात आहे. बिलच निघेना, हा बिघाड. माणूस ताबडतोब धावला पाहिजे.

वर्गवारीत गफलत झाली तर काय होते, हे अमेरिकेतील टार्गेट या दुकानसाखळीने २०१३ साली अनुभवले. रेफ्रिजरेशनचे काम करणाऱ्या एका ठेकेदाराचा पासवर्ड चोरून चोर आत शिरले. ३० नोव्हेंबरला पहारा ठेवणाऱ्या यंत्रणेने धोक्याची सूचना दिली. बंगळूरच्या पथकाने ती अमेरिकेतील मुख्यालयास कळवली. तेथे ठरले की, लगेच काही करण्याजोगे हे नाही. सुमारे ४ कोटी ग्राहकांच्या कार्डांची माहिती चोरीस गेली. मे २०१४ मध्ये कंपनीच्या प्रमुखांना पद सोडावे लागले.

घंटा वाजली होती, पण ती कोणत्या दर्जाची, हे ओळखण्यात चूक झाली. रोज शेकडो सूचना एकाच आवाजात येऊ लागल्या की माणसाचे कान बधिर होतात, हेही खरे आहे. म्हणून सूचना वाढवण्यापेक्षा त्या निवडणे महत्त्वाचे.

व्यापारी बांधवांनो, कॉम्प्युटरवाल्याला पैसे देण्यापूर्वी तीन गोष्टी लिहून घ्या: कोणती सूचना कोणत्या वर्गात, ती कोणाकडे जाणार, आणि त्याने किती वेळात काय करायचे. एकच इशारा पुन्हा पुन्हा येत असेल तर त्याचा दर्जा वाढवा. ग्राहकाने दिलेली माहिती आपल्याकडे अमानत आहे. ती गेल्यावर, 'सूचना आली होती' असे सांगून भागत नाही.