गप्पी हौदातच ठेवा

घरात फिश टँक आला की मुलं विचारतात, मासे अंडी कुठे घालणार? उत्तर माशागणिक बदलतं. गोल्डफिशची चिकट अंडी पाणवनस्पतींना धरून राहतात. झेब्रा मासा अंडी तळाशी सोडून देतो आणि तीच खातोही. म्हणून जाणकार तळाला काचेच्या गोट्या अंथरतात, अंडी फटींत जाऊन वाचतात. एंजलची जोडी रुंद पान किंवा उभी फरशी तोंडाने साफ करून तिच्यावर अंडी घालते आणि परांनी पाणी खेळतं ठेवते. फायटरचा नर पाण्यावर बुडबुड्यांचं घरटं करतो; घरंगळलेलं अंडं तोंडात धरून पुन्हा वर नेतो.

हिवताप-डेंग्यूच्या मोहिमांमुळे गावोगावी ओळखीचा झालेला गप्पी मात्र अंडी घालत नाही. त्याची पिल्लं मादीच्या पोटातच वाढतात आणि साधारण चार आठवड्यांनी पोहतच बाहेर येतात. एकदा मीलन झालं की मादी नराचं शुक्र कित्येक महिने साठवते, त्यामुळे पुढच्या वेतांना नर जवळ असायलाच हवा असं नाही. ना घरटं, ना पान, ना पूर! सिमेंटच्या हौदात डासांच्या अळ्या खायला असा मासा उपयोगाचा.

नदी-तलावात हाच गुण घातक ठरतो. गप्पी मूळचा दक्षिण अमेरिकेचा. आपल्या रोहू-कटल्याला अंडी घालायला पावसाळ्यातलं वाहतं, चढतं पाणी लागतं. ते हुकलं की वर्ष वाया. बारमाही वाढणारा गप्पी त्याच पाण्यात छोट्या देशी माशांचं खाद्य आणि त्यांची अंडीही खातो.

वाशीम जिल्ह्याने तर जास्तच जपायला हवं. आपला जिल्हा पाणलोटाच्या माथ्यावर आहे. काटेपूर्णा इथून पूर्णेला मिळून तापीकडे जाते, अडाण पैनगंगेला मिळून गोदावरीकडे. इथल्या ओढ्यात सोडलेला परका मासा दोन्ही खोऱ्यांची वाट धरू शकतो.

म्हणून एवढं पाळूया. गप्पी हौद-टाक्यांतच सोडायचे, नाल्याला जोडलेल्या डबक्यात नाही. टँकमधले मासे नकोसे झाले तर दुकानदाराला किंवा दुसऱ्या हौशी माणसाला द्यायचे; तलावात सोडणं म्हणजे पुण्य नव्हे. आणि मुलांना अंड्यांची जागा दाखवताना हेही सांगायचं, की आपल्या नदीतल्या माशांनाही अशीच जागा लागते, आणि ती राखणं आपल्या हातात आहे.