संकल्पांतील देश

कोणतेंही कर्म करावयाचें तर आपल्याकडे आधीं संकल्प करावा लागतो, आणि संकल्पांत देशकालाचा उच्चार करावा लागतो, हें वाचकांस ठाऊक आहेच. जंबुद्वीप, भरतवर्ष, भरतखंड, दंडकारण्य, गोदावरीचें दक्षिण तीर हीं नांवें आम्हीं आठव्या वर्षापासून इतक्या वेळां उच्चारलीं आहेत कीं, त्यांत कांहीं विचार करण्यासारखें आहे असें साठी उलटेपर्यंत आमच्या मनांत आलें नाहीं.

गेल्या उन्हाळ्यांत आमच्या दौहित्राची मुंज अमेरिकेंत, न्यू जर्सी संस्थानांत झाली. पौरोहित्य करणारे गृहस्थ आंध्र देशांतले. पाठ उत्तम, स्वर शुद्ध. ते संकल्प सांगूं लागले आणि आमच्या कानांवर क्रौंचद्वीप, रमणकवर्ष, ऐन्द्रखंड असे शब्द आले. आम्ही दचकलों. क्रौंच हें पुराणांतील सप्तद्वीपांपैकीं एक, हें खरें. पण तें म्हणजेच अमेरिका, असें कोणत्या पुराणकारानें सांगितलें आहे? त्यांस अमेरिका ठाऊकच नव्हती. मागाहून विचारिलें तेव्हां भटजी हंसून मोडक्या हिंदींत म्हणाले, "इकडील पुष्कळ पुरोहितांचा आतां हाच पाठ आहे. येथें बसून जंबुद्वीप म्हणावें, तर पत्ता खोटा होतो. खोट्या पत्त्यावर केलेलें कर्म कोठें पोंचावें?"

आम्हांस उत्तर सुचलें नाहीं. बटु शेजारींच बसला होता. त्यानें विचारिलें, "मग आजोबा, मी अमेरिकन कीं मराठी?" त्याची आई परस्पर म्हणाली, "दोन्ही." चाळीस वर्षें उत्तरपत्रिका तपासल्यामुळें अशा उत्तरास अर्धा गुण द्यावयाची आमची संवय आहे.

हा प्रश्न त्या देशांत आमच्या नातवापूर्वीं पुष्कळांनीं विचारिला आहे. परत आल्यापासून आम्ही त्याच्याच मागें लागलों. म्हणून गेल्या महिन्यांत कबूल केलेला सुभाषितांचा विषय पुढें ढकलून या खेपेस हाच घेतों. वाचकांनीं क्षमा करावी.

क्रेव्हकूर नांवाचा एक फ्रेंच गृहस्थ न्यूयॉर्क प्रांतांत शेती करून राहिला होता. त्याचें पत्ररूप पुस्तक १७८२ सालीं लंडनांत प्रसिद्ध झालें, आणि त्यांतील एक सबंध पत्र अमेरिकन म्हणजे कोण, या एकाच प्रश्नास वाहिलेलें आहे. त्याचें म्हणणें थोडक्यांत असें कीं, इंग्रज, स्कॉच, आयरिश, फ्रेंच, डच, जर्मन, स्वीडिश अशा नाना रक्तांचें मिश्रण होऊन येथें एक नवाच मनुष्य निपजला आहे. जुन्या देशाचे पूर्वग्रह मागें टाकून नव्या भूमीचे आचार जो घेतो तो अमेरिकन. वर्णसंकर हा शब्द आपल्याकडे शिवीसारखा वापरीत आले. या फ्रेंचानें त्याचाच अभिमान मिरविला. मात्र त्याच्या यादींत काळा मनुष्य नाहीं, आणि त्या भूमीचा मूळचा रहिवासीही नाहीं. चार्ल्सटनकडे पाहिलेल्या गुलामगिरीचें काळीज हलविणारें वर्णन त्याच पुस्तकांत आहे. पण यादी करतांना त्या दुःखितांची त्यास आठवण झाली नाहीं.

आठ वर्षांनीं, १७९० सालीं, कायद्यानें उत्तर दिलें, आणि तें अधिक स्पष्ट होतें. दोन वर्षें देशांत राहिलेल्या, चांगल्या वर्तणुकीच्या, स्वतंत्र व गोऱ्या परदेशीय मनुष्यास नागरिक होतां येईल. त्याचा धर्म विचारावयाचा नाहीं, कुल विचारावयाचें नाहीं. कातडें मात्र पाहावयाचें.

धर्म न विचारणें ही गोष्ट त्या काळीं लहान नव्हती. स्वतः छळास कंटाळून समुद्रापार आलेल्या प्युरिटन लोकांनीं बॉस्टनांत मेरी डायर या क्वेकर पंथाच्या बाईस १६६० सालीं फांशीं दिलें होतें. त्याच भूमींत पुढें राज्यघटनेनें कोणत्याही सरकारी अधिकारासाठीं धर्माची अट घालूं नये असें ठरविलें, आणि १७९१ च्या पहिल्या दुरुस्तीनें राष्ट्राचा असा धर्मच असूं दिला नाहीं. लोकांचीं मनें अर्थातच घटनेइतक्या लवकर दुरुस्त झालीं नाहींत. १८४४ सालीं फिलाडेल्फियांत कॅथॉलिकांचीं देवळें जाळलीं गेलीं; कॅथॉलिक राष्ट्राध्यक्ष निवडून यावयास १९६० साल उजाडावें लागलें. तरी न्यूयॉर्कमधील फ्लशिंग येथें १९७७ सालीं गणपतीची प्रतिष्ठा झाली तेव्हां सरकारची धर्माज्ञा कोणास मागावी लागली नाहीं. आम्ही तेथें दर्शनास गेलों होतों. प्रसादाचा डोसा उत्तम असतो.

आतां ग्रंथकारांकडे वळूं. एमर्सननें १८३७ सालीं आपल्या देशबांधवांस बजाविलें कीं, युरोपची शिष्यवृत्ति आतां पुरे. आणि वीस वर्षांनीं त्याच एमर्सननें 'ब्रह्म' या नांवाची कविता लिहिली. थोरो सरोवराकांठच्या झोंपडींत गीता वाचीत असे. आमच्या वाचकांस याहून मौजेची वाटेल ती गोष्ट अशी कीं, ऑलिव्हर वेंडेल होम्स या वैद्य-ग्रंथकारानें १८६० च्या सुमारास बॉस्टनकडील जुन्या विद्यासंपन्न घराण्यांस चक्क ब्राह्मण जात असें नांव दिलें, आणि तें त्यांस कायमचें चिकटलें. पिढ्यान् पिढ्या पुस्तकांत वाढलेलीं, अंगानें बारीक, आपसांतच सोयरीक करणारीं अशीं तीं घराणीं. वर्णन वाचतांना आम्हांस सदाशिव पेठेंतील कांहीं बिऱ्हाडांची आठवण झाली. कुल न विचारणाऱ्या देशांत, मागच्या दारानें, कुल असें शिरलें.

तेव्हां कोणास वाटेल कीं, जेथें ब्राह्मण ही पदवी गौरवाची, तेथें हिंदुस्थानांतील उच्चवर्णीयाचें स्वागत झालें असेल. झालें तें निराळेंच. हा भाग लिहितांना आमची लेखणी अडखळते. पण तो टाळला तर बाकीचें लिहिण्यांत अर्थ नाहीं.

भगतसिंग थिंड हे पंजाबांतील शीख गृहस्थ पहिल्या महायुद्धांत अमेरिकन सैन्यांत होते. त्यांनीं नागरिकत्व मागितलें. प्रकरण सर्वोच्च न्यायालयांत गेलें, व तेथें त्यांची बाजू मांडणाऱ्यांत सखाराम गणेश पंडित नांवाचे लॉस एंजेलिसचे वकील होते. त्या काळीं हिंदुस्थानांतून आलेल्या सर्वांसच तिकडे हिंदु म्हणत. म्हणून कागदोपत्रीं थिंड हे 'उच्च जातीचे हिंदु' ठरले. युक्तिवाद असा कीं, उच्चवर्णीय हिंदु हे आर्य. आर्य हे कॉकेशियन. अर्थात् थिंड हे गोरे. आणि त्यास जोड अशी दिली गेली कीं, गोरा अमेरिकन काळ्या मनुष्याशीं जसा शरीरसंबंध करीत नाहीं, तसाच उच्चवर्णीय हिंदुही देशांतील मूळच्या लोकांशीं करीत नाहीं. म्हणजे आमचा सोंवळेपणा हाच आमच्या गोरेपणाचा पुरावा! थिंड यांनीं तो अडचणींत पुढें केला हें आम्ही जाणतों; पण तो नाणें आमच्याच टांकसाळींतलें होता, हें कसें नाकारावें?

न्यायालयानें फेब्रुवारी १९२३ मध्यें निकाल दिला, आणि तो आमच्या न्यायशास्त्राच्या विद्यार्थ्यांस दाखवावा असा आहे. तीनच महिन्यांपूर्वीं ओझावा नांवाच्या जपानी गृहस्थास त्याच न्यायालयानें सांगितलें होतें कीं, गोरा म्हणजे कातड्याच्या रंगानें गोरा नव्हे, कॉकेशियन वंशाचा. थिंड कॉकेशियन म्हणवून उभे राहतांच न्यायालय म्हणालें कीं, पंडितांचें वंशशास्त्र येथें चालावयाचें नाहीं. सामान्य मनुष्य ज्यास गोरा समजतो तोच गोरा. लक्षणाची अतिव्याप्ति होते असें दिसतांच लक्षणच बदललें! निकाल लिहिणारे न्यायमूर्ति सदरलंड हे स्वतः इंग्लंडांत जन्मलेले, लहानपणीं अमेरिकेंत आणलेले. त्यांस मात्र कोणी लक्षण विचारिलें नाहीं.

पुढें ज्यांस नागरिकत्व मिळून चुकलें होतें त्यांचेंही काढून घेण्यास सुरुवात झाली. सॅन फ्रान्सिस्कोचे व्यापारी वैष्णोदास बगाई बायकामुलांसह तेथें स्थायिक झाले होते. नागरिकत्व गेलें, त्याबरोबर मिळकतीचा हक्कही गेला, आणि १९२८ सालीं त्यांनीं आत्महत्या केली. खुद्द पंडित वकिलांवरही सरकारनें दावा लावला. ते १९१४ पासून नागरिक. त्या भरंवशावर त्यांनीं वकिली केली, संसार मांडला. ते १९२६ सालीं अपील कोर्टांत जिंकले, ते आर्यत्वाच्या बळावर नव्हे. एकदां पक्का झालेला निकाल सरकारास असा उलटवितां येणार नाहीं, या साध्या मुद्द्यावर. कुळानें जें तारलें नाहीं तें कायद्याच्या शिस्तीनें तारलें.

१९४६ सालीं हिंदुस्थानास दरसाल शंभर माणसांची परवानगी मिळाली. खरें दार उघडलें तें १९६५ च्या कायद्यानें; त्यानें देशवार कोटे मोडून नातेसंबंध व कसब हीं प्रमाण धरलीं. आपले डॉक्टर, इंजिनियर त्या दारानें गेले, आमचे जावईही त्याच दारानें गेले. आपल्या घरोघरीं या यशाचें श्रेय मुलांच्या बुद्धीस दिलें जातें. बुद्धि होतीच, ती १९२३ सालींही होती. पण वंशावरून माणसांत भेद करणें लाजिरवाणें आहे, ही गोष्ट त्या राष्ट्राच्या गळीं उतरविली कोणीं? मुख्यतः तेथील काळ्या लोकांनीं. मार खाऊन, तुरुंगांत जाऊन. १९६४ सालीं नागरी हक्कांचा कायदा झाला आणि दुसऱ्याच वर्षीं हा. ज्यांच्याशीं आपलें नातें नाहीं असें कोर्टांत सांगून आम्हीं दार ठोठावलें, त्यांनींच शेवटीं तें आंतून उघडलें. न्यू जर्सींतील मराठी मंडळींच्या एका बैठकींत आम्हीं हें बोलून दाखविलें. सर्वांनीं शांतपणें ऐकून घेतलें आणि नंतर घरांच्या किंमतींचा विषय निघाला. सिअ‍ॅटल शहरानें २०२३ सालीं जातिभेदास कायद्यानें बंदी केली. अटलांटिक ओलांडूनही काय काय बरोबर नेलें जातें, तें यावरून दिसेल.

आमचा नातू जन्मला तेव्हां त्याचे आईबाप तात्पुरत्या परवान्यावर होते. तरी तो जन्मतः नागरिक. तें कशानें? गुलामगिरी मोडल्यानंतर काळ्या लोकांसाठीं १८६८ सालीं झालेल्या चौदाव्या दुरुस्तीनें. आणि सॅन फ्रान्सिस्कोंत चिनी आईबापांच्या पोटीं जन्मलेल्या वाँग किम आर्क नांवाच्या आचाऱ्यानें. चीनहून परततांना त्यास बंदरांत अडविलें, तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढला, आणि १८९८ सालीं त्यानें ठरवून घेतलें कीं, जो येथें जन्मला तो येथला. जानेवारी २०२५ मध्यें राष्ट्राध्यक्षांनीं, तात्पुरत्या परवान्यावर असलेल्यांच्या पुढें होणाऱ्या मुलांस हा हक्क नाहीं, अशी आज्ञा काढली व न्यायालयांनीं लागलीच तिला अटकाव केला, तेव्हां आमच्या कन्येनें रात्रीं दोन वाजतां फोन केला होता. तिच्या मुलास ती आज्ञा लागू नव्हती. तरी तिचा आवाज कांपत होता.

कन्येनें स्वतः नागरिकत्व घेतलें तें कांहीं वर्षांपूर्वीं. त्यासाठीं परीक्षा असते. तेव्हां शंभर प्रश्नांची यादी असे, त्यांतील दहा विचारीत, सहा बरोबर आले म्हणजे उत्तीर्ण. आम्ही त्या वेळीं तिकडेच होतों. रोज संध्याकाळीं यादी घेऊन बसत असूं. घटना, युद्धें, नद्या, न्यायालयें. शंभर प्रश्नांत वंशाचा एक नाहीं, गोत्राचा एक नाहीं. शिक्षक म्हणून आम्हांस तें फार आवडलें. पास होऊन राष्ट्रांत प्रवेश! शपथेच्या दिवशीं मात्र, पूर्वीच्या देशाची निष्ठा मी सर्वस्वीं सोडतें, हें वाक्य तिनें उजवा हात वर करून म्हटलें, आणि आम्हांस जमिनीकडे पाहावें लागलें. आपल्या कायद्यानें दुहेरी नागरिकत्व नाहीं. निळें पारपत्र परत करून आली, त्या रात्रीं ती जेवली नाहीं. "बाबा, तुम्हीच तर प्रश्न विचारीत होतां," एवढेंच म्हणाली.

परतीच्या आधीं जावयांनीं आम्हांस हडसन नदीकांठीं पोकीप्सी येथें नेलें. तेथील स्मशानांत कार्पेंटर कुटुंबाच्या जागेंत डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या अस्थि आहेत. १८८३ सालीं निघतांना, हिंदु म्हणून जाईन व हिंदु म्हणूनच परत येईन, असें त्या बाईंनीं जाहीर सांगितलें होतें. तसें त्यांनीं पाळलें, आणि १८८७ सालीं पुण्यास देह ठेवला. राख मात्र पुन्हां समुद्र ओलांडून इकडे आली. नातवानें दगडावरील अक्षरें मोठ्यानें वाचलीं व विचारिलें, "आजोबा, यांचा संकल्प कोणता?" त्या प्रश्नास अर्धा गुणही मिळेल असें उत्तर आमच्यापाशीं नव्हतें.

हल्लीं दर रविवारीं सकाळीं आम्ही फोनवर त्याची संध्या घेतों. तेव्हां त्याच्याकडे शनिवारची रात्र असते. संकल्प दोघेही एकदमच म्हणतों. आम्ही जंबुद्वीप म्हणतों, तो क्रौंचद्वीप म्हणतो. पहिल्या रविवारीं आम्ही त्यास थांबविणार होतों.

सुभाषितें पुढच्या महिन्यांत.