चांगल्या रस्त्याची डागडुजी आधीं

रोहिणी नक्षत्र जवळ आलें कीं कोंकणांतील जुन्या कौलारू घरांतून शाकारणीची धांदल उडत असे. ती आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांनीं लहानपणीं पाहिली असेल. गडी शिडी लावून छपरावर चढे, एकेक कौल उचलून झाडी, खालचा पालापाचोळा काढी आणि पुन्हां तें जागच्या जागीं बसवी. फुटकें असेल तेवढेंच बदली. त्या वेळीं घर कोठेंहि गळत नसे. जें छप्पर गळत नाहीं त्यावर चार दिवसांची मजुरी कां खर्च करावयाची, असा प्रश्न आम्हां मुलांना पडे. घरांतील वडील माणसांना तो पडलेला मीं कधीं पाहिला नाहीं. पुढें अनेक वर्षांनीं हीच शाकारणी मला अमेरिकेंतील मिशिगन राज्यांत रस्त्यांच्या रूपानें भेटली, आणि तेथें मात्र हा प्रश्न चांगल्या शिकल्यासवरल्या मोठ्या माणसांना पडलेला आढळला.

त्यांतलाच एक माझा भाचा. तो तेथें बरींच वर्षें स्थायिक असून आतां तेथलाच मतदार आहे. मागें एका मार्च महिन्यांत मी त्याच्याकडे राहावयास गेलों, तेव्हां विमानतळावरून घरीं जातांना, घर दोन फर्लांगांवर राहिलें असेल नसेल तोंच, मोटार एका खड्ड्यांत अशी आदळली कीं चाकाची कड वांकली. तो रागानें म्हणाला, "मामा, आम्ही कर भरतों तो कशासाठीं, हें आतां तुम्हीच विचारा त्यांना."

विचारण्याची संधि मे महिन्यांत आली. तेथील काउंटीच्या रस्तेखात्यानें आपलें आवार एक दिवस लोकांना पाहण्यासाठीं खुलें ठेवलें होतें. काउंटी म्हणजे आकारानें आपल्याकडील एखाद्या मोठ्या तालुक्याएवढा मुलूख. मिशिगनांत अशा ८३ काउंट्या आहेत. एके काळीं खेड्यापाड्यांचे रस्ते तेथील 'टाउनशिप' नांवाच्या लहान पंचायतींकडे असत. मंदीच्या दिवसांत जमिनीवरील कराचा बोजा शेतकऱ्याला सोसेना, म्हणून १९३१ सालच्या एका कायद्यानें ते सर्व रस्ते, पांच वर्षांत टप्प्याटप्प्यानें, काउंट्यांच्या गळ्यांत घालण्यांत आले. आज त्या राज्यांत काउंट्यांच्या ताब्यांत सुमारें ९०,००० मैल रस्ते आहेत. मोठे हमरस्ते राज्याचे, शहरांतील गल्ल्या शहरांच्या, आणि मधलें सारें काउंटीचें, अशी साधारण वांटणी. इतर कित्येक राज्यांत कचेरी, तुरुंग, वाचनालय अशा काउंटीच्या इमारतीहि याच खात्याकडे असतात. मिशिगनांत रस्त्यांचा कारभार बहुधा वेगळा ठेवतात.

या काउंट्यांच्या नांवावर पराक्रम थोडे नाहींत. डेट्रॉइट शहर ज्या वेन काउंटींत आहे, तिचें रस्तेमंडळ १९०६ सालीं स्थापन झालें. पहिल्या सभासदांत मोटारवाले हेन्री फोर्ड होते. याच मंडळानें १९०९ सालीं वुडवर्ड मार्गावर एक मैल लांबीचा काँक्रीटचा रस्ता बांधला. त्याला तेरा हजारांवर डॉलर पडले आणि तो पाहण्यासाठीं दूरदूरचे इंजिनिअर येत. मंडळाचे दुसरे सभासद एडवर्ड हाइन्स यांनीं १९११ सालीं रस्त्याच्या मध्यावर पांढरी रेघ ओढविली. दुधाच्या गळक्या गाडीनें रस्त्यावर सोडलेली धार पाहून त्यांना ही कल्पना सुचली, असें सांगतात. आयोनिया काउंटीच्या अॅलन विल्यम्स या इंजिनिअरांनीं १९२९ सालीं एका कुटुंबाला झाडाच्या बुंध्यावर फराळ मांडतांना पाहिलें, आणि रस्त्याच्या कठड्याच्या जुन्या, काढून टाकलेल्या फळ्या जोडून वाटसरूंसाठीं एक मेज व बांकें करून ठेविलीं. ज्याच्या हातीं नेहमीं दुरुस्तीचें काम असतें, त्याला टाकाऊ फळीहि टाकवत नाहीं.

आम्हांस आवार हिंडून दाखविणारे इंजिनिअर पन्नाशीच्या घरांतले, सावकाश बोलणारे गृहस्थ होते. प्रथम त्यांनीं मिठाचें कोठार दाखविलें. उंच घुमटाचें छप्पर, खालीं पाणी न झिरपणारी जमीन, आणि आंत करड्या मिठाचा डोंगर. मीठ उघड्यावर राहिलें तर पावसानें विरघळून आसपासच्या विहिरी खारट करील, म्हणून हा बंदोबस्त. हिवाळ्यांत बर्फ वितळविण्यासाठीं तें रस्त्यावर पसरतात. डेट्रॉइट शहराच्या पोटांत, अकराशें फुटांहून खोल, मिठाची मोठी खाण आहे. तेथलें मीठ रस्त्यांवर पडतें. पण थंडी फार वाढली, उणे नऊ-दहा अंशांच्या खालीं गेली, कीं मिठाचें कांहीं चालत नाहीं. मग वाळू टाकावी लागते. कांहीं ठिकाणीं बीटाची साखर केल्यावर उरलेला चिकट रसहि मिठाच्या पाण्यांत मिसळतात. मीठ पसरणारे ट्रक त्याच मिठानें गंजतात. म्हणून हिमवर्षाव ओसरला कीं आधीं गाड्या पोटाखालून धुवावयाच्या, मग चालकानें घरीं जावयाचें. हेच ट्रक हिवाळ्यांत पुढें रुंद पातें लावून बर्फ लोटतात आणि उन्हाळ्यांत खडी वाहतात. रस्ता तासून सारखा करणारीं यंत्रें किती मैल गेलीं हें कोणी पाहत नाहीं. एंजिन किती तास चाललें तें मोजून त्याप्रमाणें तेल बदलतात, कारण तीं यंत्रें चालतात गोगलगाईच्या गतीनें आणि राबतात दिवसभर. तेथील मिस्त्रीच्या भिंतीवर प्रत्येक यंत्राची वही टांगलेली होती. घरांतील औषधांची वही इतकी नीट ठेवणारीं माणसें मीं थोडीं पाहिलीं आहेत.

भाच्यानें खड्ड्याचा विषय काढलाच. इंजिनिअर म्हणाले, खड्ड्याचें मूळ पाण्यांत आहे. डांबराला केसाएवढी चीर पडते, तींतून पाणी खालच्या खडींत उतरतें. रात्रीं तें गोठतें आणि गोठतांना सुमारें नऊ टक्क्यांनीं फुगून वरचा थर उचलतें. दिवसां वितळलें कीं खालीं पोकळी राहते. वर चाक आलें कीं डांबर आंत बसतें. वसंत ऋतु तर अधिकच वाईट. वरची जमीन वितळते, खालची अजून गोठलेली असते, त्यामुळें पाण्याला खालीं जावयास वाटच मिळत नाहीं. ताटांत सांडलेल्या आमटीवर भाकरी ठेवावी तशी रस्त्याची स्थिति होते. म्हणून त्या आठवड्यांत काउंट्या जड वाहनांच्या भारावर कात्री लावतात. काँक्रीटच्या रस्त्यावर पाव हिस्सा, डांबरी वा खडीच्या रस्त्यावर शेंकडा ३५. ही कात्री मनास येईल तशी लावलेली नाहीं. १९५८ ते १९६० या काळांत इलिनॉय राज्यांतील ओटावा गांवाजवळ मुद्दाम रस्ते बांधून त्यांवर सैनिकांकडून लॉऱ्या फिरविल्या गेल्या. त्यांतून असें निघालें कीं आंसावरचा भार दुप्पट झाला तर रस्त्याची झीज दुप्पट होत नाहीं, ती सुमारें सोळा पट होते. तेव्हां भाच्याची मोटार वर्षभर त्या गल्लींतून गेली काय आणि न गेली काय. कचऱ्याच्या गाडीच्या एका फेरीची बरोबरी तिच्यानें व्हावयाची नाहीं.

खरा वाद पेटला तो नकाशापुढें. मिशिगनांत २००२ पासून रस्त्यांची पाहणी करण्याची एक ठरीव रीत आहे. राज्याचा एक, विभागाचा एक आणि काउंटीचा एक, असे तिघे एका मोटारींत बसतात आणि रस्त्यावरून जातांना त्याला एक ते दहा गुण देतात. आठ ते दहा चांगला, पांच ते सात मध्यम, चार किंवा कमी म्हणजे नापास. भाच्याच्या गल्लीला तीन गुण होते. लगतच्या रस्त्याला, ज्यावर मला तरी कांहीं खोट दिसली नव्हती, सात होते. आणि यंदाच्या दुरुस्तींत नांव होतें तें सातांच्या रस्त्याचें!

भाचा इतका चिडला कीं बोलतां येईना. इंजिनिअर मात्र शांतपणें सांगत राहिले. सातांच्या रस्त्याच्या भेगांत गरम डांबरी लुकण भरलें, किंवा त्यावर पातळ डांबर फवारून बारीक खडीचा एक थर दाबून बसविला, तर थोडक्या खर्चांत तो आणखी कित्येक वर्षें टिकतो. तीनांच्या रस्त्याला हा उपाय लागू पडत नाहीं. तो मुळापासून उखडून पुन्हां बांधावा लागतो. त्याला आज जो खर्च येईल, जवळजवळ तोच आणखी तीन वर्षांनीं येईल. बिघडावयाचें तें बिघडून चुकलें आहे. पण सातांचा रस्ता तीन वर्षें तसाच सोडला तर तोहि तीनांच्या पंक्तीला येऊन बसेल. मग एकाऐवजीं दोन रस्ते उखडावे लागतील. "सर्वांत वाईट रस्ता आधीं, असें आम्ही पुष्कळ वर्षें केलें," ते म्हणाले, "आणि दरवर्षीं वाईट रस्ते वाढतच गेले." गुळगुळीत रस्त्यावर खडी ओतून तुम्हीं तो खराब केलात, अशी तक्रार त्यांना दर उन्हाळ्यांत ऐकावी लागते म्हणे.

हिशेब मला पटला. न गळणाऱ्या छपरावरचा गडी माझ्या डोळ्यांपुढें उभा राहिला. तरी एक गोष्ट मनाला टोंचत राहिली, ती येथें नमूद करतों. शाकारणींत सारें घर एकाच कुटुंबाचें असतें. ओटीवरचें छप्पर आधीं झालें काय आणि माजघरावरचें झालें काय, भिजणारीं माणसें तींच. रस्त्यांचें तसें नाहीं. सातांच्या रस्त्यावर एक राहतो, तीनांच्या रस्त्यावर दुसरा, आणि कर दोघेहि भरतात. आज सातांची डागडुजी करावयाची, तर तीनांची पाळीहि कधीं तरी आली पाहिजे. आणि तेवढा पैसा मिळाला नाहीं तर या शहाणपणाचें रूपांतर नुसत्या सबबींत होतें. मीं तसें बोलून दाखविलें. त्या गृहस्थांनीं तें नाकारलें नाहीं, हें त्यांच्या प्रामाणिकपणाचें लक्षण मी समजतों.

पैसा कां नव्हता, याचीहि कथा आहे. तेथील रस्त्यांचा मुख्य आधार म्हणजे इंधनावरील कर व वाहननोंदणीचें शुल्क. त्यांतून काउंट्यांना वांटा देण्याची व्यवस्था १९५१ च्या कायद्यानें लावली. पेट्रोलवरचा राज्याचा कर १९९७ सालीं गॅलनला १९ सेंट ठरला आणि २०१६ अखेरपर्यंत तेवढाच राहिला. मध्यंतरीं डांबर महागलें, मजुरी वाढली, आणि मोटारी कमी इंधनावर अधिक धांवूं लागल्या. व्हावयाचें तेंच झालें. २०१० च्या सुमारास मिशिगनच्या ८३ पैकीं निदान ३८ काउंट्यांनीं आपले कांहीं डांबरी रस्ते स्वतःच्या हातांनीं फोडून पुन्हां खडीचे केले, कारण खड्डे पडलेल्या डांबरापेक्षां नीट तासलेली खडी बरी. आजोबांनीं कष्टानें बांधलेला माडीचा मजला नातवानें परवडत नाहीं म्हणून उतरवून ठेवावा, तसा हा प्रकार!

मे २०१५ मध्यें रस्त्यांसाठीं विक्रीकर वाढविण्याचा प्रश्न थेट लोकांच्या मतास टाकण्यांत आला. शेंकडा ८० मतें विरुद्ध पडलीं. भाच्याचेंहि मत विरुद्धच होतें. परतीच्या वाटेवर मोटारींत त्यानें तें कबूल केलें. त्याला मी सर्वस्वी दोष देत नाहीं. त्या एका प्रस्तावांत रस्त्यांबरोबर शाळांचा पैसा, अल्प उत्पन्नाच्या कुटुंबांची करसवलत, अशा इतक्या गोष्टी गुंतविलेल्या होत्या कीं वाचणाऱ्याला संशय यावा. पुढें विधिमंडळानेंच कर वाढविला, आणि २०१७ पासून तो २६.३ सेंट झाला. मधलीं वर्षें मात्र हातचीं गेलीं. भाच्याची गल्ली त्याच वर्षांत सातांवरून तीनांवर आली असली पाहिजे.

मी परत आल्यावर त्याचें एक पत्र आलें. शेजारच्या रस्त्यावर खडीचा थर पडला आहे. आठवडाभर खडे उडत होते, आतां रस्ता चांगला आहे. स्वतःच्या गल्लीसाठीं त्यानें दुसरा मार्ग धरला आहे. तेथें असा कायदा आहे कीं रस्त्यालगतच्या जागेच्या निम्म्याहून अधिक लांबीच्या मालकांनीं सह्या करून अर्ज दिला, तर काउंटी रस्ता नवा बांधून त्याचा खर्च त्या घरांवर हप्त्यानें बसवूं शकते. त्यासाठीं तो संध्याकाळीं घरोघर हिंडतो. "मामा, २०१५ सालीं मीं ज्या कराला नाहीं म्हटलें त्याच्या कितीतरी पट आतां भरावे लागतील, आणि वर लोकांची मनधरणी मलाच करावी लागते आहे," असें तो लिहितो. अकरांपैकीं पांच घरांच्या सह्या झाल्या आहेत. सहावें घर कोपऱ्यावरचें, रस्त्यालगत सर्वांत लांब पसरलेलें. तेथें एक वृद्ध बाई एकट्याच राहतात. त्यांनीं त्याला चहा दिला, सारें ऐकून घेतलें आणि सांगितलें कीं त्या आतां मोटार चालवीत नाहींत. तो रविवारीं पुन्हां जाणार आहे.