सोणाची वीणा आणि मुलांची गिटार

वसतिगृहातील मुलामुलींच्या हाती गिटार आली की महिन्याभरात स्नेहसंमेलनासाठी एखादे भीमगीत बसवून घेण्याची घाई सुरू होते. ही घाई आम्हांस घातक वाटते. आठ-दहा कॉर्ड एकदम दाखवल्या जातात, बोटांची टोके सोलवटतात, दाबलेल्या तारा नुसत्याच खरखरतात, आणि ‘मला हे जमणारच नाही’ असे ठरवून मूल वाद्य कोपऱ्यात उभे करते.

आरंभी ई, ए, डी, जी, बी, ई या स्वरांत सहा तारा जुळवणे शिकवावे. मग दोनच कॉर्ड पुरेत : ई मेजर आणि ए मायनर. दोहोंत बोटांची ठेवण तीच. हात केवळ एक तार खाली सरकतो. लय न मोडता एकीवरून दुसरीवर जाता येणे, यालाच आम्ही शिकणे म्हणतो. एका बोटाने सहाही तारा दाबणारी एफची पकड पुढे पाहता येईल.

अंगुत्तर निकायातील सोण भिक्खूचे पाय चंक्रमणाच्या अतिरेकाने रक्ताळले, तेव्हा तथागतांनी त्याला त्याच्याच वीणेची आठवण दिली : तार फार ताणलेली नको, फार सैलही नको. तो दृष्टांत साधनेसाठी होता, हे आम्ही जाणतो. पण प्रत्यक्ष वाद्य शिकवतानाच तो विसरला जावा, हे नवल! यंदा नवशिक्यांची नावे कार्यक्रमपत्रिकेत नसली तरी चालेल. भेटीस येणाऱ्या पालकांनी मुलाला एवढेच म्हणावे, ‘बाळा, तारा जुळवून दाखव.’